विजेच्या गाडीचा हिशोब युनिटांत

नाशिकहून मुंबईला जाणे आणि मुंबईहून नाशिकला परतणे यांत रस्ता तोच असतो आणि अंतरही तेच, सुमारे १७० किलोमीटर. तरीही विजेवर चालणाऱ्या मोटारीला परतीच्या प्रवासात जवळपास पाच युनिट वीज जास्त लागते. यात बॅटरीचा दोष नाही आणि चालकाचाही नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, मुंबई समुद्रकाठी आहे, आणि माणसांसह अठराशे किलोची गाडी एवढ्या उंचीवर चढवायला जी ऊर्जा लागते ती कुठून तरी यावीच लागते. पेट्रोलच्या गाडीलाही हा नियम लागू आहेच. फक्त दर पाच-सात किलोमीटरवर पंप असल्यामुळे त्याची दखल घ्यायची वेळ कोणावर येत नाही.

विजेची गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात हमखास एक तक्रार करतो: कंपनी एवढे किलोमीटर सांगते, मग मला तेवढे का मिळत नाहीत? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे असेल, तर गाडीला ठरावीक ‘रेंज’ असते ही समजूत आधी सोडून द्यावी लागते. गाडीत असते ती बॅटरी, म्हणजे ३०, ४५ किंवा ६० युनिटांचा साठा. हे युनिट विजेच्या बिलावर असते तेच, किलोवॅट-तास. हा साठा किती अंतर पुरेल, हे रस्ता, वेग, हवामान आणि वजन मिळून ठरवतात. म्हणून ‘१०० किलोमीटरला किती युनिट’ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवणारा मालक सहसा गोंधळत नाही.

कंपनीचा आकडा खोटा नसतो, पण तो एका विशिष्ट चाचणीतला असतो. आपल्याकडे ही चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांमध्ये, फिरत्या रोलरवर चाके फिरवून, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने होते. हा क्रम साधारण वीस मिनिटांचा असतो, त्यात सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास राहतो, ९० च्या वर तो कधीच जात नाही आणि एसी बंद असतो. टाटा नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या गाडीला या चाचणीत ४८९ किलोमीटर मिळतात, तर प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७० मिळतील असे कंपनी स्वतःच सांगते. युनिटांत बोलायचे तर चाचणीत १०० किलोमीटरला सव्वानऊ युनिट आणि रस्त्यावर साडेबारा.

हा साडेबाराचा आकडाही सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर टिकत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० च्या तुलनेत १०० ला तो पावणेतीन पटींहून जास्त होतो आणि मोटारींसाठीच्या १२० च्या कमाल मर्यादेला चौपट. टायरचे घर्षण मात्र वेगाने फारसे वाढत नाही, त्यामुळे एकूण खर्च चौपट होत नाही. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचा ढोबळ हिशोब मांडला, तर सपाट रस्त्यावर ६० ला १०० किलोमीटरमागे १२ युनिट, ८० ला १५, १०० ला १९ आणि १२० ला २५ च्या घरात वीज लागते. म्हणजे ४५ युनिटांच्या बॅटरीत ताशी ६० ने पावणेचारशे किलोमीटर जाता येते आणि १२० ने जेमतेम १८०. गाडी तीच, बॅटरी तीच, चालकही तोच. शहरात पेट्रोलची गाडी जास्त पिते आणि महामार्गावर कमी, या सवयीत वाढलेल्या आपल्या पिढीला हे उलटे गणित अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एसीचा हिशोब याच्या बरोबर विरुद्ध दिशेने चालतो. एसी अंतर पाहत नाही, तास पाहतो. एप्रिलच्या दुपारी तो ताशी साधारण एक युनिट घेत असेल, तर महामार्गावर त्या तासात ८० किलोमीटर पार पडतात आणि १०० किलोमीटरमागे सव्वा युनिटाचीच भर पडते. पण नाशकातल्या द्वारका चौकात आणि मुंबई नाक्यावर अडकत त्याच तासात वीसच किलोमीटर झाले, तर तीच भर पाच युनिटांची होते. २०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबकच्या रस्त्यावर तासन्‌तास अडकणाऱ्यांनी घाबरू नये, हेही याच हिशोबातून निघते: उभ्या गाडीत मोटार काहीच घेत नाही, आणि एसी लावून दोन तास थांबले तरी दोनच युनिट जातात.

आता घाटाकडे येऊ, कारण विजेच्या गाडीचे शास्त्र कसारा घाटात जितके उघडे पडते तितके क्वचितच कुठे पडत असेल. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. अठराशे किलो वजन ३०० मीटर उचलण्याची ऊर्जा काढली तर ती दीड युनिटाला थोडी कमी भरते, आणि मोटार व गिअरमधली घट धरून बॅटरीतून सुमारे पावणेदोन युनिट जातात. नेहमीचे घर्षण आणि हवेचा विरोध यांची त्यात भर घातली, की घाटाच्या आठ-दहा किलोमीटरांत अडीच युनिट संपतात. पडद्यावर पाच-सहा टक्के झरझर उतरताना दिसतात, आणि नवख्या मालकाला वाटते की याच गतीने गेलो तर घोटीसुद्धा गाठता येणार नाही. प्रत्यक्षात इगतपुरी ओलांडली की खर्च पूर्वपदावर येतो. पडद्यावरची उरलेली रेंज ही गाडीने नुकत्याच केलेल्या खर्चावरून बांधलेला अंदाज असते, पुढे चढ आहे की सपाटी हे अनेक गाड्यांच्या संगणकाला माहीत नसते. चढून आल्यावर तो आकडा उगाच निराश असतो आणि उतरून गेल्यावर उगाच आशावादी. दोन्ही वेळा टक्केवारी पाहावी, रेंज पाहू नये.

उतरताना मोटारच जनित्राचे काम करते, गाडी रोखून धरते आणि वीज बॅटरीत परत पाठवते, ज्याला मालक मंडळी नुसते ‘रीजन’ म्हणतात. मात्र वर गेलेले दीड युनिट सगळे परत येईल अशी अपेक्षा करणे चूक आहे. उतारावरही गाडीला हवा आणि घर्षण अडवतच असतात, आणि त्यांच्यावर मात करण्यात त्या दीड युनिटाचा निम्म्याहून जास्त भाग थेट खर्च होतो. उरलेला भाग चाकांतून मोटारीत, मोटारीतून बॅटरीत जाताना आणखी घटतो. शेवटी हाती लागते ते अर्ध्या युनिटाच्या आसपास, म्हणजे टक्केवारीत एखाद्या टक्क्याची वाढ. ज्यांना हे थोडे वाटते त्यांनी दुसरी बाजू पाहावी: आठ-दहा किलोमीटर अंतर एक पैशाचीही वीज न खर्चता कापले जाते, ब्रेक तापत नाहीत आणि ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात. कसाऱ्यापासून पुढे भिवंडीपर्यंत रस्ता हळूहळू उतरतो, तिथे तर रीजनची गरजच पडत नाही. दोन टक्क्यांहून कमी उतारावर गुरुत्वाकर्षण थेट हवेशी झुंजते आणि त्यात रूपांतराची घट अजिबात नसते.

यात एक खुबी आहे, जी इगतपुरीच्या हॉटेलांत मुक्काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. रात्रभर चार्जिंग करून सकाळी १०० टक्के बॅटरीने घाट उतरायला निघाले, तर रीजनची वीज ठेवायला जागाच नसते. गाडीची यंत्रणा रीजन बंद करते किंवा अगदी कमी करते, आणि रोजच्या सवयीने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी रोखली जात नाही. ब्रेक अर्थातच काम करतात, पण वळणावर हा फरक अनपेक्षितपणे जाणवू नये. खाली उतरायचे असेल तर ९० टक्क्यांवर चार्जरची गन काढावी.

घरच्या चार्जिंगबद्दल मालकांना जो त्रास सर्वांत जास्त होतो, त्याचा गाडीशी संबंधच नसतो. नवी गाडी दारात येते, सोबतचा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला जातो आणि त्यावर लाल दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरला फोन होतात, आणि शेवटी वायरमन मल्टिमीटर लावून सांगतो की अर्थिंग नाही. चार्जर वीज सोडण्यापूर्वी अर्थिंग तपासतो, कारण गाडीच्या धातूच्या अंगात गळती झाली तर तिला जमिनीत जायला वाट हवी. जुन्या नाशकातल्या वाड्यांतच नव्हे, तर बऱ्यापैकी नव्या इमारतींतही पार्किंगमधल्या सॉकेटचा अर्थचा पिन कशालाच जोडलेला नसतो. आजवर तिथे पाण्याच्या मोटारीखेरीज काही लावले गेले नाही, म्हणून कुणाला कळलेले नसते. जिथे अर्थिंग आहे तिथेही काळ्या मातीचा स्वभाव आड येतो. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते, अर्थच्या पट्टीपासून सुटते आणि कोरडी झाल्यामुळे वीजही नीट वाहून नेत नाही. पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर मे महिन्यात रुसतो तो यामुळे. खड्ड्यात मीठ-कोळसा भरणे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहणे हा जुन्या वायरमनांचा उपाय आजही शास्त्राला धरून आहे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे, कारण तो लाल दिवा दाखवत नाही. गीझर १५ अँपिअरवर पंधरा-वीस मिनिटे चालतो; विजेची गाडी त्याच सॉकेटमधून तेवढाच प्रवाह बारा-चौदा तास सलग घेते. सॉकेटचे पितळी पाते सैल होऊन तिथे एक दशांश ओहम इतका जरी रोध तयार झाला, तरी त्या ठिकाणी २२ वॅटहून जास्त उष्णता सतत निर्माण होत राहते, आणि ती प्लास्टिकच्या पेटीत कोंडलेली असते. तपकिरी पडलेली, पिनभोवती वितळलेली सॉकेटे यातूनच तयार होतात. म्हणून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, औद्योगिक वापराचे सॉकेट, प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी यांवर होणारा खर्च टाळू नये. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून गाडी चार्ज करणारे जे कुणी आहेत, त्यांना सोसायटीने हटकावे, आणि हटकताना पार्किंगमध्ये रीतसर मीटर घ्यायला आडकाठीही करू नये. सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा असेल, तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्यावर ४५ युनिटांची बॅटरी सात तासांत भरते.

महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर मात्र वेगळाच अनुभव येतो. दहा ते ऐंशी टक्के पाऊण तासात होतात आणि पुढचे वीस टक्के संपता संपत नाहीत. लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, चार्जिंगच्या वेळी बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून जागा घेतात. रिकाम्या एसटीत सुरुवातीला प्रवासी भराभर बसतात आणि शेवटी उभ्या गर्दीतून एकेक जागा शोधावी लागते, तसे इथे होते. घाई केली तर जागा न मिळालेले लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून यंत्रणाच प्रवाह कमी करत नेते. त्यामुळे ९५ टक्क्यांवर गन लावून चहा पीत बसणारा माणूस स्वतःचा वेळ तर घालवतोच, पण मागे १२ टक्क्यांवर उभ्या असलेल्या कुटुंबाचाही घालवतो.

थंडीतही हेच रसायन आड येते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या सेलमध्ये आयनांची हालचाल मंदावलेली असते. सकाळी सहाला निघाले तर रीजन कमी मिळते, फास्ट चार्जर निम्म्या गतीने चालतो. दहा-अकरापर्यंत, किंवा तासभर गाडी चालल्यावर, सारे सुरळीत होते.

बॅटरी किती टिकेल ही चिंता सर्वांनाच असते, आणि ती बहुधा चुकीच्या जागी असते. अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. एका पूर्ण चार्जमध्ये ३२० किलोमीटर धरले, तर एवढ्या अंतराला पाचशेच चक्रे लागतात; लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी सेलची क्षमता दोन हजार चक्रांच्या पुढे असते. तेव्हा वापराने बॅटरी झिजण्याची भीती कमी. खरी झीज उष्णतेने आणि भरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने होते, कारण ग्राफाइटवरचा संरक्षक थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात कामाचे लिथियम अडकते. मे महिन्यात १०० टक्के भरून गाडी उन्हात आठवडाभर उभी ठेवणे हे रोज शंभर किलोमीटर चालवण्याहून वाईट आहे.

निकेल असलेल्या एनएमसी बॅटरीला रोज ८० टक्के पुरे. एलएफपीला मात्र अधूनमधून १०० टक्के भरावे लागते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तिच्या सेलचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे व्होल्टेजवरून किती वीज उरली हे ओळखता येत नाही. यंत्रणा आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजत राहते, मोजणीतल्या बारीक चुका साठत जातात, आणि एखाद्या दिवशी १८ टक्क्यांवरून आकडा एकदम ९ वर येतो. पूर्ण भरल्यावर व्होल्टेज वर चढते आणि मोजणी पुन्हा जागेवर येते.

गाडी मुळीच सुरू होत नसेल आणि मुख्य बॅटरी भरलेली असेल, तर आधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, तिच्यावर चालतात.

जुनी विजेची गाडी विकत घेणाऱ्यांची संख्या आता नाशकातही वाढते आहे. अशा गाडीची बॅटरी कितपत शाबूत आहे हे पाहायला सर्व्हिस सेंटरचा अहवाल मागावाच, पण घरच्या मीटरवरही बरेच कळते. टक्केवारी २० पर्यंत उतरवावी, १०० पर्यंत सलग भरावी आणि स्वतंत्र मीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवावे. चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास घट होते, ती वजा करून ०.८ ने भागावे. ४५ युनिटांच्या नव्या बॅटरीत मीटरवर ४० युनिट दिसतील. ३६ दिसले, तर बॅटरीत साडेचाळीस युनिटांची क्षमता, म्हणजे ९० टक्के, शिल्लक आहे. ही मोजणी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत करू नये आणि दोनदा करून पाहावी, कारण टक्केवारीतल्या चुकीचा परिणाम एकाच मोजणीत मोठा दिसू शकतो.