जहर कुठून आलं, कुठे गेलं

भाच्याने मोबाइल पुढे धरला. निळाशार, काळ्या ठिपक्यांचा, अंगठ्याएवढा बेडूक. आजीने चष्मा सरळ करून पाहिलं आणि एकच विचारलं, "त्यामा जहर शे का रे?" जळगावच्या दोन खोल्यांत पॉयझन डार्ट फ्रॉग पाळता येईल का, ही चर्चा तिथेच सुरू झाली. आजीचा प्रश्न मला भाच्याच्या उत्साहापेक्षा जास्त मोलाचा वाटला, कारण या बेडकांचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

हे बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतले. त्यांच्या जवळपास 200 जाती आहेत. बाणांना विष लावण्यासाठी त्यांतल्या मोजून तीन वापरल्या गेल्या, तिन्ही कोलंबियाच्या पॅसिफिक बाजूच्या. बाकीच्यांना नाव फुकटच चिकटलं. चार्ल्स स्टुअर्ट कॉक्रेन या ब्रिटिश कप्तानाने 1820च्या दशकात कोलंबियातून फिरताना लिहून ठेवलंय की तिथले लोक जंगलातून बेडूक पकडून पोकळ वेळूत कोंडतात आणि विषाची गरज पडेपर्यंत त्यांना नियमित खाऊ घालतात. मग एकेकाला बाहेर काढून काडीला टोचायचं आणि अंगावर सुटलेला फेस बाणांना लावायचा. म्हणजे हे बेडूक पाळण्याची ही जुनी नोंद शौकिनांची नाहीच, शिकाऱ्यांची आहे.

त्याआधी युरोपात एक वेगळीच कथा पोचली होती. पोपटाची पिसं उपटून त्या जागी बेडूक चोळला की नवी पिसं पिवळी-तांबडी उगवतात म्हणे. त्यावरूनच एका जातीला टिंक्टोरियस, म्हणजे रंगारी, असं नाव पडलं. भाच्याच्या फोनवरचा निळा बेडूक त्याच रंगाऱ्याचा एक प्रकार, सुरीनामच्या सिपालिविनी भागातला. 1969मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं होतं.

सर्वांत जहाल बेडकाची शास्त्रीय ओळख त्याहून उशिरा झाली. चार्ल्स मायर्स, जॉन डेली आणि बोरिस माल्किन यांनी 1978मध्ये कोलंबियातल्या सायहा नदीच्या परिसरातल्या सोनेरी बेडकाचं वर्णन केलं आणि त्याला फायलोबेट्स टेरिबिलिस म्हटलं. तिथले एंबेरा लोक याला टोचतही नाहीत. जिवंत बेडकाच्या पाठीवर बाणाचं टोक घासलं की काम झालं. एका बेडकात साधारण एक मिलिग्रॅम बॅट्राकोटॉक्सिन नावाचं विष सापडतं, आणि तेवढं कित्येक माणसांना पुरून उरतं. हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं, मग हृदयाचा ठेका बिघडतो.

खरी मेख पुढे आहे. तेच बेडूक पिंजऱ्यात जन्मले आणि वाढले, तर अंगात हे विष नसतंच. डेलींच्या चमूने 1980मध्ये ते दाखवून दिलं. जंगलातून आणलेल्यांमध्ये मात्र ते वर्षानुवर्षं टिकून राहिलं. दुसरा धडा हवाई बेटांवरून आला. आपल्याकडे गटारीत गप्पी मासे सोडतात ना, तसे 1932मध्ये ओआहू बेटावर पनामाचे हिरवे-काळे बेडूक डासांसाठी सोडले होते. त्यांच्या वंशजांच्या अंगात विष होतं, पण घरात चिलटांवर वाढवलेली त्यांची पिल्लं कोरी निघाली. मुंग्या आणि माती-पाचोळ्यातले माइट नावाचे बारीक जीव यांच्याकडून हे बेडूक विष घेतात आणि साठवतात, स्वतः बनवत नाहीत. तेव्हा आजीला उत्तर असं: पिंजऱ्यात जन्मलेला असेल तर नाही, जंगलातून चोरून आणलेला असेल तर असूही शकतं. आणि विकणारा खरं सांगेलच असं नाही.

हौशी पाळणाऱ्यांकडून विज्ञानाला मिळालंही बरंच. या कुळातल्या एका छोट्या लाल बेडकाची मादी पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात पिल्लं नेऊन ठेवते आणि त्यांना स्वतःची अफलित अंडी खाऊ घालते. जर्मनीतल्या पीटर वेगोल्ड यांनी पाळलेल्या बेडकांवरच याची बारीक नोंद करून 1980मध्ये ती छापली. दुसरी नोंद कडू आहे. जगभर बेडकांचा सफाया करणाऱ्या कातडीच्या बुरशीला 1999मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. तिचा नमुना वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या डार्ट फ्रॉगचा होता. त्यामुळे बेडूक पाळलेल्या पेटीतलं पाणी नाल्यात ओतायचं नाही आणि कंटाळा आला म्हणून बेडूक यावलच्या जंगलात सोडायचा नाही. पावसाळ्यात आपल्या शेततळ्यात पिवळेधमक होऊन ओरडणारे बेडूक आहेत, त्यांना नवं दुखणं नको.

कायद्यात 1987 हे साल दोनदा येतं. त्या वर्षी भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, आणि त्याच वर्षी डार्ट फ्रॉगच्या मुख्य जाती साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. त्यांचा व्यापार तेव्हापासून परवान्याशिवाय होत नाही. आपल्याकडे 2020मध्ये केंद्राने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती द्यायची मुभा दिली. 2022ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली आणि साइटीसच्या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. 2024च्या नियमांनी त्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर सक्तीची केली. "दुकानदार म्हणाला चालतं" याला अर्थ नाही. खरेदीच्या आधी कागद बघायचे.

हे सगळं जमलं तरी खानदेश शिल्लक राहतोच. या बेडकांना 22 ते 26 अंश मानवतात, हवा ओलसर लागते, आणि पारा 30च्या वर काही काळ राहिला की ते दगावतात. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांचा. कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली ओलसर करतो, पण जूनच्या उमसात हात टेकतो. एसी गारवा देतो तर हवा कोरडी करतो, म्हणून वर फवारा हवा. इन्व्हर्टर पंखा ओढतो, एसी नाही. दुपारी लाइट गेली तर दोन तासांत काम तमाम. शिवाय आमचं बोअरचं जड पाणी: फवारलं की काचेवर पांढरी रांगोळी उमटते, आणि बेडूक कातडीतूनच पाणी पितो.

खाण्याचं मात्र सोपं असेल असं भाच्याला वाटलं होतं. रावेरचं केळं, चिमूटभर यीस्ट, बरणी, तोंडाला मलमल. पाळणारे न उडणारी खास चिलटं वापरतात, याने मंडईतली साधी धरली. तिसऱ्या दिवशी मलमल सुटली आणि स्वयंपाकघरभर चिलटं झाली. आजीने बरणी ओट्यावरून उचलून गच्चीवर ठेवली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बरणीत नव्या अळ्या दिसेनाशा झाल्या, कारण 30 अंशांच्या आसपास या चिलटांचे नरच वांझ होतात. बेडूक अजून आलेला नाही.