रसाची फेणी, शिशाचं सोनं

काजूच्या हंगामात डिचोलीच्या भाचीनं निबंधात लिहिलं, ‘काजूचा रस फेणीमध्ये वळतो.’ मला हसू आलं. रस कुठल्या गल्लीत वळला गं? दोष तिचा नाही, डोक्यात इंग्रजीतलं ‘टर्न इन्टू’ होतं.

इंग्रजीत गाडी गल्लीत वळते तेही ‘टर्न इन्टू’ आणि सुरवंटाचं फुलपाखरू होतं तेही. ‘टर्न’चं मूळ लॅटिनमार्गे ग्रीक ‘टॉर्नॉस’पर्यंत जातं, म्हणजे लाकूड फिरवून घडवायचं हत्यार. त्या भाषेला बदल हा प्रवास वाटतो. जुनी वस्तू निघते, वळते, नव्या रूपात शिरते.

आपण म्हणतो, ‘रसाची फेणी झाली.’ यातलं ‘झाली’ कुणाशी जुळतं? फेणीशी. रस पुल्लिंगी, पण त्याचं कर्तेपण गेलं, त्याला षष्ठी लागली. गंमत म्हणजे षष्ठीचा प्रत्ययही नव्या वस्तूचंच लिंग घेतो: रसाची फेणी, रसाचं सरबत, (उसाच्या) रसाचा गूळ. इंग्रजीत कर्ता जुना, मराठीत नवा. कोकणीतही तेच, ‘दुदाचें धंय जालें’.

पण ‘दादा सरपंच झाला’ म्हणतो, ‘दादाचा सरपंच झाला’ म्हणत नाही. ‘मुलाचा डॉक्टर’ तर बालरोगतज्ज्ञ! दादा सरपंच होऊनही दादाच राहतो. वाल्याचा मात्र वाल्मीकी झाला, वाल्या उरला नाही. जुनं पुसलं गेलं की षष्ठी. इंग्रजीही इथंच रेघ मारते: डॉक्टर होण्याला ‘बिकम’, तिथं ‘टर्न इन्टू’ घातलं तर कुणी मंत्र मारल्यासारखं वाटतं. दुधाबद्दल नुसतंच ‘टर्न्ड’ म्हटलं तर ते नासलं.

रसाच्या बाबतीत मंत्र नाही. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, भट्टीवर आधी हुर्राक (पहिल्या गाळपाची दारू) उतरतो, पुन्हा गाळला की फेणी.

२०२५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून बातमी आली, शिशाचं सोनं झालं. किमयागारी खरी ठरली म्हणून लगेच ढोल वाजले. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन, सोन्याच्या ७९. तिथल्या यंत्रात प्रचंड वेगानं सोडलेली शिशाची केंद्रकं एकमेकांना जवळून चाटून जाताना काहींतले तीन प्रोटॉन निसटले. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. सगळ्यांचं मिळून वजन २९ पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जाव्या भागाहूनही कमी. सोनं दुप्पट करून देणाऱ्या बाबांनी एवढी वजनं तरी जाहीर करावीत. शिवाय ती केंद्रकं लगोलग यंत्राच्या भिंतीवर आदळली आणि सोन्याचे प्रोटॉन-न्यूट्रॉन झाले.