मेंढरं रानात बसवा, पण कुळव लगेच धरा

मेंढीचं खत म्हणजे लेंड्या, असं बरेच जाणते शेतकरीही धरून चालतात. म्हणून लेंडीखताची ट्रॉली घेतली काय किंवा रानात मेंढरं बसवली काय, सारखंच, असा हिशोब होतो. तो चुकीचा आहे. स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ सगळं लेंडीत असतं. पण चांगला चारा खाल्लेली मेंढी निम्म्याहून जास्त नत्र (नायट्रोजन) आणि बहुतेक पालाश (पोटॅश) मुतातून टाकते. ते ट्रॉलीत येत नाही.

दिवाळीनंतर पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातले धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे कुटुंबांचे तांडे, घाटाकडे, पुढे कोकणात उतरतात. वाटेतल्या मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कळप रात्री बसवायचा, शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. मेंढी उठल्या उठल्या मुतते. म्हणून पहाटे मेंढरं वाघरीतच उठवून जरा वेळ उभी ठेवावीत, मग बाहेर काढावीत. घाई केली की खत रस्त्यावर सांडतं. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या पट्ट्यात.

मुतातला नत्र मुख्यतः युरिया असतो, गोणीतल्या युरियाचाच रेणू. मातीतलं युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करतं, तेही एक-दोन दिवसांत. त्या जागेचा सामू (pH) त्यामुळे चढतो, म्हणजे हायड्रोजन आयन कमी होतात, आणि नुकसान इथेच होतं. अमोनियाला हायड्रोजन आयन मिळाला तर त्याचा अमोनियम होतो. तो धनभारित, म्हणून काळ्या मातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवतात. २५ अंश सेल्सिअसला सामू ८ असेल तर जेमतेम ५ टक्के भाग मोकळा अमोनिया असतो, सामू ९.२५ झाला की निम्मा. ऊन वाढलं की आणखी. रानात नाकाला झोंबतो तो उडून चाललेला नत्र.

तेव्हा कळप हलला की त्याच सकाळी, ऊन तापायच्या आत, हलकी कुळवणी करावी, म्हणजे कुळवाने वरवरची माती हलवावी. दोन-तीन इंच ओलसर माती वर आली तरी बराच अमोनिया आत अडकतो. ‘मेंढरांचा पायगुण’ म्हणत आठ दिवस कुळव न लावणाऱ्यांचा नत्र पायगुण थांबवत नाही.

पुढे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. ते ऋणभारित, मातीला चिकटत नाही, जोराच्या पावसात खाली निघून जातं. त्यामुळे पेरणी फार लांबवू नये. चिखलात कळप बसवू नये. माती दबते, मेंढरांचे खूर सडतात. कळप वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आला असेल, तर काही बिया लेंडीतून जिवंत पडतात. पहिल्या पावसानंतर ती रोपं मुळासकट उपटावीत.