एकट्या हॉथॉर्नच्या वाटेला जायचं नाही

मे महिन्यात आयर्लंडमधली हॉथॉर्नची काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडतात. पण ही फुलं घरात आणली की घरातलं कुणीतरी जातं, असं जुनी माणसं सांगत. ही समजूत अगदीच हवेतली नाही. फुलांच्या वासात ट्रायमिथाइलअमाइन असतं. खराब झालेल्या मासळीचा वास याच रसायनाचा, आणि मृत शरीर कुजू लागलं की तिथेही ते तयार होतं. झाडाचा फायदा एवढाच, की वासावर माश्या येतात आणि परागण होतं. आयर्लंडात माणूस गेला की त्याला घरातच ठेवून रात्र जागवत. मग बंद खोलीत फुलांमधून तोच वास आला, तर मनात दुसरं काय येणार?

झाड तोडण्याची भीती मात्र निराळी. शेताच्या कुंपणाला लावलेला हॉथॉर्न लोक बिनदिक्कत छाटत. माळावर एकटाच उभा असेल तर तो पऱ्यांचा! या पऱ्या म्हणजे पंखवाल्या, गोजिरवाण्या नव्हेत. खोडी काढली तर सूड उगवणारी, जमिनीखाली राहणारी जमात. खरं तर फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं आणि कुणी न लावलेलं झाड नको तिथे उगवतं. ते तोडल्यावर एखाद्याचा पाय मोडला की गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालते. काहीच झालं नाही, तर सांगायला उरतं काय?

1999 मध्ये क्लेअर काउंटीतल्या लाटून इथे असंच एक झुडूप नव्या महामार्गाच्या आड आलं. लोककथाकार एडी लेनिहान यांनी जाहीर इशारा दिला, की हे तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. अभियंत्यांनी झुडूप वाचवलं, भोवती कुंपणही घातलं. 2002 मध्ये कुणीतरी त्याच्या फांद्या करवतीने उतरवल्या, तरी ते पुन्हा फुटलं.

या भीतीचा सर्वांत मोठा लाभ पुरातत्त्वाला झाला. आयर्लंडभर मातीच्या गोल तटबंदीची हजारो ठिकाणं आहेत. ही सुरुवातीच्या मध्ययुगातली शेतकऱ्यांची वस्ती. लोक मात्र त्यांना पऱ्यांचे किल्ले म्हणतात. नांगर तिथवर आला की वळसा घालून जाई, म्हणून तट टिकले. विसाव्या शतकात बुलडोझर आले, जमीन सपाट करायला सरकारी अनुदानं मिळू लागली आणि त्यांतले कितीतरी किल्ले जमीनदोस्त झाले. उरलेल्यांना आता कायद्याचं संरक्षण आहे.