अंतःकरणाची शुद्धी : उपवासकाळामागचा इतिहास

येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोक उपवासकाळ म्हणून पाळतात. अंतःकरण शुद्ध करण्याच्या त्यामागच्या रीतींचा हा इतिहास. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका सहप्रवाशाने कवी ना. वा. टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. वाचता वाचता टिळक थांबले ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी. 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील' हे वचन त्यातलेच.

शुद्धता म्हटले की मराठी माणसाला आधी सोवळे आठवते. मार्काच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायातला वाद नेमका तिथलाच आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, बोल लावतात. येशू सांगतो, माणसाला विटाळवते ते त्याच्या आतून निघणारे. मराठी बायबलमध्ये 'शुद्ध' आणि 'पवित्र' हे दोन शब्द वेगवेगळे येतात, ते एक समजू नयेत. शुद्ध म्हणजे ज्यात मळ नाही ते. पवित्र म्हणजे देवासाठी वेगळे काढून ठेवलेले. आधी देव आपले म्हणतो, मग मळ निघू लागतो. हा क्रम उलटा झाला की उपवासाचा हिशेब होतो, आणि पुढच्या इतिहासातल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू झाल्या.

पहिल्या काही शतकांत बाप्तिस्म्यानंतरच्या, म्हणजे पाण्याने दीक्षा घेतल्यानंतरच्या, गंभीर पापासाठी प्रायश्चित्त साऱ्या मंडळीसमोर होई, तेही सहसा आयुष्यात एकदाच. परिणाम व्हायचा तोच झाला: लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. त्याच काळात इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी मनात पाप कसे शिरते याचा बारकाईने शोध घेत होते. त्यांच्यातल्या इव्हाग्रियसने (मृत्यू ३९९) पापाकडे नेणारे आठ विचार मांडले: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, लोकांनी वाहवा करावी ही हाव आणि गर्व. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने यादीची फेरमांडणी केली. सात मुख्य पापे आली ती तिच्यातून. आयर्लंडच्या मठांनी पापकबुली खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येण्याजोगी केली, आणि १२१५ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून निदान एकदा ती बंधनकारक ठरवली.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची आत्मपरीक्षणाची पद्धत (१५४८ मध्ये पोपची मान्यता) आजही वहीवर करता येते. एकच दोष निवडायचा, उदाहरणार्थ घरात तोंडातून निघणारे तिखट शब्द. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन आडव्या रेघा ओढायच्या. सकाळी उठताच निश्चय. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर, रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. मग रेघेशी रेघ, दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. बिघडते ते दोन ठिकाणी. एकदम पाच दोष घेतले की चार दिवसांत वही बंद पडते. आणि हळव्या मनाचा माणूस ठिपक्यांतच अडकतो. पुढे प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारे मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास कबुली देत आणि तरी अस्वस्थच उठत. अशा माणसाला वही देऊ नये. त्याला आधी क्षमेची वचने वाचायला बसवावे.

नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन मंडळीचे. स्कॉटलंडात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून मोजक्याच वेळा होई. आधी गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीची उपासना, नंतर सोमवारी आभाराची. मंडळीचे वडील सभासदांची विचारपूस करून धातूचा छोटा बिल्ला देत. तो असल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे 'वर्ग', म्हणजे सभासदांचे छोटे गट, मात्र कर्जातून जन्मले. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या सभागृहाचे देणे फेडायला बारा-बारा जणांचे गट करून आठवड्याला एकेक पेनी गोळा करायचे ठरले. गटप्रमुख घरोघर जाऊ लागले तेव्हा कोण कसे जगतो हे दिसले, आणि वसुलीची ती फेरी आत्म्याची चौकशी होऊन बसली.

हे प्रवाह २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच एकत्र आले. सहा मंडळ्यांच्या मिलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकनांचा (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांचा) सामुदायिक पापांगीकार, प्रेस्बिटेरियनांची तयारी, ब्रदरन मंडळीतले एकमेकांचे पाय धुणे हे सगळे एका घरात आले. बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा, दोन्हींना तिथे जागा मिळाली. यात एक गोष्ट मोलाची वाटते: यातली कोणतीही रीत माणसाला एकटे सोडत नाही.

उपवासकाळ कपाळाला राख लावून राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात; सहा रविवार वगळले की ४०. राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्यांची. त्या खडखडीत वाळवून धातूच्या भांड्यात जाळायच्या आणि बारीक चाळायच्या. राखेत पाणी कालवू नये; क्षार सुटून कपाळाची कातडी भाजू शकते. फारतर तेलाचा थेंब. कॅथलिक नियमाने कडक उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी, १८ ते ५९ वयाच्यांना: एक पुरे जेवण, आणि दोन्ही मिळूनही त्याच्याएवढे होणार नाही असे दोन वेळचे थोडे खाणे. पाण्याने उपवास मोडत नाही. उत्तम शुक्रवार बहुतेक वर्षी एप्रिलात येतो आणि तोवर नागपूरचे ऊन अंगावर आलेले असते, म्हणून हे ठासून सांगावे लागते. आजाऱ्यांनी, गरोदर बायांनी, उन्हात राबणाऱ्यांनी उपवास धरू नये. बाकीच्यांनी टाळलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाकावेत. आठवडाभराने आठवून टाकू म्हटले की ते घरखर्चात जातात, आणि ज्या भुकेल्याच्या वाट्याचे होते त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.