मेंटॉर: मस्याफच्या म्हाताऱ्यापासून एझिओपर्यंत

जळगावला मे महिन्यात एका मित्राकडे आम्ही चौघं एका कूलरसमोर बसून असॅसिन्स क्रीड हा मारेकऱ्यांच्या टोळीवरचा व्हिडिओ गेम खेळायचो, आणि किल्ल्यातला तो पांढऱ्या दाढीचा अल मुआलिम आला की कोणीतरी बोलणारच, "काय भो, हा म्हातारा एवढा हुकूम का सोडी राहिला?" त्यावर उर्दू शाळेत शिकलेला आमचा एक दोस्त म्हणाला, "अरे मुअल्लिम म्हणजे मास्तर, शिकवणारा." तेव्हापासून मला या पदाचा नाद लागलाय. मारेकऱ्यांच्या गुप्त टोळीतलं सगळ्यात मोठं पद, आणि नाव काय तर मास्तर!

तो पहिला गेम २००७ चा, कथा ११९१ ची, तिसऱ्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, काळातली, जागा सिरियातला मस्याफ किल्ला. त्यात अल मुआलिमला सगळे 'मास्टर' म्हणतात, 'मेंटॉर' हे नाव पुढच्या गेम्समधे पक्कं झालं. मेंटॉर मुळात होमरच्या ओडिसीतला, ओडिसियस युद्धाला जाताना ज्याच्यावर घर सोपवून गेला तो मित्र.

आता खरा इतिहास, ज्यावरून गेममधली ही टोळी घेतलीय. १०९० मधे हसन सब्बाहने इराणमधला अलमूत किल्ला घेतला, लढाईशिवाय, आतली माणसं आधी आपल्या बाजूला वळवून, आणि तिथून निझारी इस्माईलींचं, म्हणजे शिया मुस्लिमांतल्या एका पंथाचं, डोंगरी राज्य उभं राहिलं. १०९२ मधे सेल्जुक या तुर्की राज्यकर्त्यांचा वजीर निझाम उल मुल्क मारला गेला, तो खूनही यांच्याच फिदाईंशी, म्हणजे जिवावर उदार मारेकऱ्यांशी, जोडला जातो. सिरियात यांचा प्रमुख होता रशीद उद्दीन सिनान, गेममधला अल मुआलिम त्याच्यावरच बेतलाय. ११७६ मधे सुलतान सलाउद्दीनने मस्याफला वेढा घातला आणि काही दिवसात उठवला. क्रुसेडवाले सिनानला 'डोंगरातला म्हातारा' म्हणायचे, पण अरबीत ते 'शेख अल जबल', आणि शेख म्हणजे म्हाताराही आणि प्रमुखही. आपल्याकडे चाळीशीतल्या पुढाऱ्यालाही अख्खं गाव 'आबा' म्हणतं, तसंच ते, युरोपवाल्यांनी फक्त वय उचललं आणि मान सोडून दिला. हशीश पाजून खोट्या स्वर्गात नेण्याची गोष्टसुद्धा शत्रूंनी आणि प्रवाशांनी पसरवलेली आहे, ती इतिहास म्हणून कोणी सांगू नये असं मला मनापासून वाटतं, कारण हा समाज आजही आहे, आपल्या शेजारीच आहे. १२५६ मधे मंगोल सरदार हुलागूने अलमूत पाडलं तरी इमामांची परंपरा चालू राहिली, आणि १८६६ मधे मुंबई हायकोर्टात आगाखान खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती आर्नोल्डनी या पंथाचे इमाम आगाखान यांचा वारसा थेट अलमूतच्या इमामांपर्यंत नेऊन मान्य केला.

परत गेमकडे. अल मुआलिम गद्दार निघतो, दैवी सफरचंद, म्हणजे लोकांची मनं वळवणारी एक प्राचीन वस्तू, स्वतःकडे ठेवून सगळ्यांची बुद्धी ताब्यात घ्यायला बघतो, आणि त्याचाच लाडका चेला अल्ताईर त्याला मारतो. म्हणजे पदाची खरी सुरुवात मास्तरला मारण्यातून झाली, आणि मला वाटतं म्हणूनच पुढचे चांगले मेंटॉर सत्तेला जपून हात लावतात. मनगटाखाली लपवलेल्या छुप्या पात्यासाठी अनामिका कापायची जुनी प्रथा होती, अल्ताईरचंही ते बोट नाहीये, पण त्याने पातं असं बदललं की पुढच्या पोरांची बोटं वाचली. मेंटॉरचं काम याहून चांगलं कशातच दिसत नाही. त्याच्या गैरहजेरीत टोळीतल्याच अब्बासने गादी बळकावली, ती परत घ्यायला तो पार म्हातारा होऊन आला.

पुढच्या गेम्सचा नायक एझिओ, त्याला १५०३ मधे रोममधे मॅकियाव्हेली मेंटॉर जाहीर करतो, आणि हे महत्त्वाचंय, एझिओने ते मागितलेलं नसतं. पद एकाच माणसात अडकलं की काय होतं तेही गेमवाल्यांनी दाखवलंय, २००० साली शत्रूंचा, म्हणजे टेम्पलरांचा, माणूस डॅनियल क्रॉस दुबईत त्या वेळच्या मेंटॉरला मारतो आणि जगभरातले अड्डे भराभर पडतात.

पण मला आठवतो तो १५१२ मधला सीन. एझिओ मस्याफखालचं ग्रंथालय उघडतो, मोठा खजिना असेल असं वाटतं, आणि आत एक रिकामी खोली, खुर्चीत अल्ताईरचा सांगाडा, हातात एक गोल चकती. सफरचंद तिथेच असतं. एझिओ त्याला हात लावत नाही, पाती काढून खाली ठेवतो.