विषुववृत्तीय सागरी प्रवाहांचे मापन

विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिणेला काही अंशांपर्यंतच्या पट्ट्यात समुद्राचे पाणी कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि किती खोलीवर वाहते, तसेच त्या प्रवाहातून एकूण किती पाणी वाहून जाते, हे ठरवण्याच्या पद्धती. वेग मीटर प्रतिसेकंदात, तर पाण्याचे वहन स्वेर्ड्रुप या एककात देतात. नॉर्वेचे समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्या नावाचे हे एकक म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर पाणी. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात साधारण १.२ स्वेर्ड्रुप पाणी ओततात; पॅसिफिक महासागरात विषुववृत्तावर पृष्ठभागाखालून पूर्वेकडे जाणारा एकटा अंतःप्रवाह ३० ते ४० स्वेर्ड्रुप पाणी नेतो.

हिशेबाची अडचण

इतरत्र समुद्रशास्त्रज्ञ बहुतेक वेळा प्रवाह मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. जहाजावरून ठिकठिकाणचे तापमान आणि क्षारता मोजली की घनता कळते, घनतेवरून दाबाचा उतार मिळतो, आणि हा उतार व पृथ्वीच्या परिवलनामुळे जाणवणारे कोरिऑलिस बल यांचा समतोल आहे असे धरून वेग निघतो. विसाव्या शतकातले महासागरांचे बरेचसे चित्र या जिओस्ट्रॉफिक पद्धतीवर उभे आहे. मात्र कोरिऑलिस बल अक्षांशाच्या साइनच्या प्रमाणात असते आणि विषुववृत्तावर त्याचा क्षैतिज परिणाम शून्य होतो. वेग काढताना नेमके याच राशीने भागायचे असल्यामुळे विषुववृत्त जवळ येईल तशी बारीकशी चूकही फुगत जाते. १०० किलोमीटर अंतरात समुद्रपातळीच्या उंचीत १ सेंटीमीटरची चूक झाली, तर ४५ अंशांवर वेगात सेकंदाला जेमतेम १ सेंटीमीटरचा फरक पडतो. १ अंशावर तोच फरक ३८ सेंटीमीटर होतो. पुष्कळदा प्रवाहाचा वेगच तेवढा असतो.

प्रत्यक्ष विषुववृत्तावर उताराऐवजी तो उतार उत्तर-दक्षिण दिशेत किती झपाट्याने बदलतो, हे घेऊन काम भागवता येते. सावकाश बदलणाऱ्या पूर्व-पश्चिम प्रवाहांना ही युक्ती लागू पडते. पण त्यासाठी दाबाच्या आकड्यांचे दोनदा अवकलन करावे लागते आणि दर वेळी त्यांतला गोंगाट वाढतो. तपासणीला प्रत्यक्ष मोजणी हाताशी नसेल, तर अशा उत्तरावर फार विसंबू नये.

आणखी एक पद्धत याच भागात अडते, पण वेगळ्या कारणाने. खारे पाणी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून वाहताना त्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. जहाजामागे इलेक्ट्रोड ओढत नेऊन तो मोजायचा आणि त्यावरून वेग काढायचा, ही पद्धत १९५० च्या सुमारास प्रचारात आली. तिला चुंबकक्षेत्राचा उभा घटक लागतो, आणि चुंबकीय विषुववृत्तावर तो नाहीसा होतो. होकायंत्राला लागणारा आडवा घटक मात्र तिथे भरपूर असतो, त्यामुळे यंत्रांतल्या होकायंत्रांची तक्रार नसते.

अंतःप्रवाहाचा शोध

विषुववृत्तावर वाहणारे व्यापारी वारे पृष्ठभागाचे पाणी पश्चिमेकडे ढकलतात. पॅसिफिकमध्ये त्यामुळे पश्चिमेची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. वाऱ्याचा जोर ओसरतो त्या खोलीवर हा उतारच पाण्याला उलट, म्हणजे पूर्वेकडे रेटतो. पूर्वेला निघालेले पाणी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे भरकटले की कोरिऑलिस बल त्याला पुन्हा विषुववृत्ताकडे वळवते, आणि प्रवाह अरुंद पट्ट्यात बांधलेला राहतो. अंतःप्रवाह सुमारे २०० मीटर जाड आणि ३०० ते ४०० किलोमीटर रुंद असतो. त्याचा गाभा पश्चिम पॅसिफिकमध्ये २०० मीटरच्या आसपास असतो आणि पूर्वेला ५० मीटरपर्यंत वर येतो. कमाल वेग सेकंदाला १ मीटरच्या वर जातो.

एवढा मोठा प्रवाह विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नकाशावर नव्हता, कारण जुन्या नकाशांचा आधार जहाजांच्या नोंदी होता: होकायंत्र व वेगावरून अपेक्षित असलेले ठिकाण आणि ताऱ्यांवरून काढलेले खरे ठिकाण यांतला फरक म्हणजे प्रवाह. त्यातून फक्त वरच्या काही मीटरांतले पाणी कळते. जॉन यंग ब्यूकॅनन यांना १८८६ मध्ये अटलांटिकमध्ये पूर्वेकडे जाणारे खालचे पाणी आढळले होते. त्याचा पुढे विसर पडला. १९५२ मध्ये पॅसिफिकमध्ये ट्यूना मासेमारीची पाहणी चालू असताना खोल सोडलेले गळांचे दोर पृष्ठप्रवाहाच्या उलट दिशेने, पूर्वेकडे जात असल्याचे दिसले. टाउनसेंड क्रॉमवेल आणि सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला. १९५८ मध्ये जॉन क्नॉस यांच्या मोहिमेने या प्रवाहाची पद्धतशीर मोजणी केली. त्याच वर्षी क्रॉमवेल विमान अपघातात गेले आणि प्रवाहाला त्यांचे नाव मिळाले. अटलांटिकमधला तसाच प्रवाह १९५९ मध्ये पुन्हा सापडला तो ‘मिखाइल लोमोनोसोव्ह’ या सोव्हिएत जहाजाला, म्हणून तो लोमोनोसोव्ह प्रवाह.

उपकरणे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एकमन प्रवाहमापकात पंखा फिरे आणि ठरावीक फेऱ्यांनंतर एक बारीक गोळी होकायंत्राच्या सुईवरून खालच्या कप्प्यांत पडे. किती फेऱ्या झाल्या त्यावरून वेग आणि कोणत्या कप्प्यात किती गोळ्या त्यावरून दिशा. नंतर रोटरचे, स्वतः नोंद ठेवणारे मापक आले आणि ते तारेवर ठरावीक खोल्यांना बांधून समुद्रतळाशी नांगरले जाऊ लागले.

आज मुख्य भिस्त ध्वनीवर चालणाऱ्या डॉप्लर प्रवाहमापकावर आहे. तो तिरप्या शलाकांतून ध्वनीचे ठोके सोडतो. पाण्याबरोबर वाहणाऱ्या प्लवकांवरून प्रतिध्वनी परततो आणि त्याच्या बदललेल्या वारंवारतेवरून थराथराचा वेग मिळतो. १५० किलोहर्ट्झच्या, उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या शलाकेत सेकंदाला १ मीटर आडव्या वेगामुळे वारंवारता फक्त १०० हर्ट्झने सरकते, म्हणजे दीड लाखात शंभर. ७५ किलोहर्ट्झचा मापक सुमारे ५०० मीटरपर्यंत पाहू शकतो. वारंवारता वाढवली तर थर बारीक मिळतात पण पल्ला घटतो.

जहाजाच्या तळाशी बसवलेल्या मापकात जहाजाचा स्वतःचा वेग वजा करावा लागतो, आणि खरी मेख तिथे आहे. समजा जहाज सेकंदाला ५ मीटर वेगाने रेखावृत्तावरून सरळ उत्तरेकडे चालले आहे आणि त्याची दिशा दाखवणारे यंत्र १ अंशाने चुकले आहे. मग सेकंदाला सुमारे ९ सेंटीमीटरचा खोटा प्रवाह नेमका पूर्व-पश्चिम दिशेत उमटतो. ४०० किलोमीटर रुंद आणि २०० मीटर जाड छेदावर त्याची बेरीज ७ स्वेर्ड्रुप होते. अंतःप्रवाहाच्या एकूण वहनाचा हा पाचवा हिस्सा. ही चूक ठोक असल्याने सरासरीतही निघून जात नाही. म्हणूनच १९९० नंतर जीपीएसवरून जहाजाचे स्थान आणि दिशा अचूक मिळू लागल्यावर या कामाचा दर्जा एकदम सुधारला.

नांगरलेल्या मापकांची दुखणी निराळी. मापक खालून वर पाहत असेल, तर पृष्ठभागावरून परतणाऱ्या ध्वनीमुळे वरचा थर हातचा जातो. २० अंशांच्या शलाकेत ३०० मीटरपैकी सुमारे १८ मीटर. जोराच्या प्रवाहात तार कलते, म्हणून दाबमापकावरून खोली दुरुस्त करावी लागते. पृष्ठभागावर बोया असला की त्याखाली मासे जमतात. मासे पाण्याबरोबर वाहत नाहीत, ते आपल्या मनाने पोहतात, आणि त्यांच्यावरून आलेला प्रतिध्वनी वेग कमी दाखवतो. पॅसिफिकमधल्या नोंदींत हा दोष लक्षात आल्यावर मापक पृष्ठभागाखालच्या वेगळ्या तरंगत्या गोळ्यावर बसवण्याची पद्धत रुळली.

पृष्ठभागासाठी १५ मीटर खोलीवर कापडी नळकांडे लटकवलेले तरंगते बोये सोडतात आणि उपग्रहावरून त्यांचा माग ठेवतात. विषुववृत्तावर मात्र व्यापारी वाऱ्यांमुळे वरचे पाणी दोन्ही बाजूंना फाकते; बोयेही त्याबरोबर निघून जातात आणि जिथे नोंदी सर्वांत हव्या तिथेच त्या विरळ पडतात. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडनपासूनचे उपग्रह समुद्राची उंची मोजतात, पण वर सांगितलेली अडचण त्यांनाही चुकत नाही. शिवाय खालचा अंतःप्रवाह त्यांना थेट दिसत नाही.

आकडा कशाचा

वहन म्हणजे वेग गुणिले छेदाचे क्षेत्रफळ. मात्र प्रवाहाची कड कुठे धरायची, हे मोजणाऱ्याने ठरवायचे असते. पूर्वेकडे जाणारे सगळेच पाणी धरले, की ठरावीक वेगावरचे, की ठरावीक घनतेच्या थरांतले, यावर उत्तर कित्येक स्वेर्ड्रुपने बदलते. दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नसले, तर आधी त्यांच्या सीमा पाहाव्यात. वहनाचा आकडा सीमेविना दिला असेल तर तो निरुपयोगी समजावा, हे प्रस्तुत लेखकाचे मत.

काळाचा प्रश्नही तेवढाच टोकदार आहे. साधारण १५ ते ४० दिवसांच्या आवर्तनाच्या लाटा अंतःप्रवाहाला नागमोडी हलवतात, त्यामुळे एकाच ठिकाणी नांगरलेल्या मापकाला प्रवाह मंदावल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो बाजूला सरकलेला असतो. वाऱ्याच्या बदलातून निघालेल्या केल्विन लाटा, म्हणजे विषुववृत्ताला धरून पूर्वेकडे जाणाऱ्या लांब लाटा, दोन-अडीच महिन्यांत पॅसिफिक ओलांडतात. १९८२ च्या अखेरीस, एल निनो (मध्य व पूर्व पॅसिफिकचे पृष्ठपाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना) जोरात असताना, मध्य पॅसिफिकमध्ये १५९ अंश पश्चिमेला अंतःप्रवाह चक्क नाहीसा झाल्याचे आढळले. त्या एल निनोची चाहूल वेळेवर लागली नव्हती. त्यातूनच पुढे सुमारे ७० बोयांचे जाळे उभे राहिले आणि १९९४ मध्ये पुरे झाले.

हिंदी महासागर

येथे वारे मोसमाप्रमाणे उलटतात, त्यामुळे कायमचा अंतःप्रवाह नाही. तो बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात प्रकटतो. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये दाखवले की दोन मान्सूनच्या मधल्या काळात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विषुववृत्तावर पृष्ठभागाचे पाणी झोताने पूर्वेकडे धावते. हे विर्टकी झोत सेकंदाला १ मीटरपर्यंत वेग गाठतात. मालदीवमधल्या अड्डू प्रवाळद्वीपाजवळ त्याच दशकात प्रत्यक्ष मोजणी झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००० पासून विषुववृत्तावर प्रवाहमापक नांगरले. ९३ अंश पूर्वेच्या नोंदींत उत्तर-दक्षिण प्रवाह सुमारे दोन आठवड्यांच्या आवर्तनाने हेलकावतो, असे दिसून आले. भारतासह अनेक देशांनी मिळून उभारलेले रामा हे बोयांचे जाळे आता या महासागरात काम करते.

पॅसिफिकचे पाणी इंडोनेशियाच्या सामुद्रधुन्यांतून हिंदी महासागरात येते. किनारे दोन्ही बाजूंना असल्याने तेथे सीमेचा वाद बराच कमी होतो. २००४ ते २००६ या काळात सर्व मुख्य सामुद्रधुन्यांत एकाच वेळी मापक ठेवून हे वहन सुमारे १५ स्वेर्ड्रुप असल्याचे ठरले. त्यातले बहुतांश पाणी मकासर सामुद्रधुनीतून येते, आणि सर्वाधिक वेग पृष्ठभागावर नसून शंभराहून अधिक मीटर खाली असतो.

उभा प्रवाह आणि खोल झोत

विषुववृत्तावर खालचे थंड पाणी वर येते, पण दिवसाला मीटरभर अशा गतीने. आडव्या प्रवाहांच्या गर्दीत एवढा वेग थेट मोजणे जवळपास अशक्य असते. आजूबाजूला बसवलेल्या मापकांवरून पाणी किती फाकते ते काढून त्यावरून तो ठरवतात. याउलट, आणखी खोल, शेकडो ते हजारो मीटरांवर, एकावर एक रचलेले आळीपाळीने पूर्व व पश्चिमेकडे जाणारे झोत १९७० च्या दशकात हिंदी महासागरात प्रत्यक्ष वेग मोजूनच सापडले. अटलांटिकमध्ये त्यांची दिशा साधारण साडेचार वर्षांच्या आवर्तनाने पालटते, आणि त्याच आवर्तनाच्या खुणा पृष्ठभागाच्या तापमानातही सापडल्या आहेत.